लेकुरवाळी

लोणावळ्यात माझी छोटी खानावळ आहे. वडिवळ्याच्या वरच्या वाडीतली एक मावशी मला ओढ्यातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणून देते. एका पावसाळी रविवारी गर्दी वाढली, तिच्या चिंबोऱ्या पुरेनात, म्हणून मी बाजारातून एक पाटी उचलली. मावशी अजून तिथंच होती, तिनं त्यातली एक उलटी केली. पोटाच्या झाकणाखाली मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती.

"लेकुरवाळी हाय ही," ती म्हणाली. "लेकुरवाळी धरत न्हाईत. तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

सांगितलं होतं, माझ्याच आईनं. घाईत मी एकही उलटून बघितली नव्हती. मावशीनं तसल्या सगळ्या वेगळ्या काढल्या आणि परत जाताना ओढ्यात सोडल्या.

तेव्हापासून माझ्या मोरीवर प्रत्येक चिंबोरी आधी उलटी होते. लेकुरवाळी निघाली की विकणाऱ्याच्या पाटीत परत टाकत नाही, मावशीकडं देते. विकणारे हसतात. हसू देत.

परवा चिंबोऱ्या संपल्या. लेकुरवाळ्या सोडून दिल्या म्हणून सांगितल्यावर एक गिऱ्हाईक कुरकुरलं, "तुम्ही एकटीनं सोडून काय होणार? बाकीचे शिजवतातच की."

मी त्याच्यापुढं पिठलं-भाकरी ठेवली. म्हटलं, "सगळ्यांनी शिजवल्या की हेच उरणार आहे. आतापासून सवय करा."