फायबरचं इंजिन

दिनानाथ म्हात्रे मूळचे पेणजवळच्या कासूचे. एका सरकारी अवकाश केंद्रात ते वेल्डर होते आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी एकाच रॉकेट इंजिनावर गेली. पहिल्या चाचणीत इंजिनाच्या इंधनपंपाला तडा गेला. दुरुस्ती होईपर्यंत संचालक बदलले. नव्यांना जुन्यांचा पंप मान्य नव्हता, त्यांनी आराखडाच बदलला. त्यांच्यानंतर आलेल्यांनी पहिला पंप परत आणला. तो अखेर बसला, चाचणीची तारीख ठरली. निवृत्तीआधी म्हात्रे यांना एवढंच हवं होतं: आपण जोडलेलं इंजिन एकदा पूर्ण वेळ जळताना बघायचं.

तेवढ्यात चौथे संचालक आले. चाचणी फसली तर ती आपल्या नावावर नको, म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली आणि प्रदर्शनासाठी इंजिनाची प्रतिकृती करायला सांगितली. "तुम्ही पेणकडचे ना?" म्हणून म्हात्रे यांनाच पाठवलं.

पेणला त्यांची चुलत बहीण अनिता गणपतींचा कारखाना चालवते. फायबरचं इंजिन तिथे झकास उभं राहिलं, खऱ्यापेक्षा गुळगुळीत. संचालकांना फोटो पाठवला. शेपटाकडची, जाळ बाहेर पडतो ती घंटा जास्त चमकू द्या, असं उत्तर आलं. चंदेरी रंगाचा आणखी एक हात बसला.

कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. ती झाली की मूर्तीला पुन्हा ब्रश लावत नाहीत. अनिता इंजिनाभोवती एक फेरी मारून आली.

"दादा, याला डोळे नायत. मग पुरं झालं ते कसं समजायचं?"

"साहेब बदलला की पुरं झालं गो."

"आणि पेटतं का?"

"हे नाय. तिकडचं पेटलं असतं."

"मग आमचंच उडवा की," रंगकाम करणारी मृणाली म्हणाली. "हलकं तरी हाय."

सगळे हसले. म्हात्रे हसले नाहीत.

प्रतिकृती घेऊन ते परतले, तेव्हा खरं इंजिन चाचणीच्या मनोऱ्यावरून उतरवलेलं होतं. पंप सोडवला होता, त्याच्या झडपा दुसऱ्या प्रकल्पाला दिल्या होत्या. प्रदर्शनाच्या उद्घाटनात संचालक फायबरपुढे उभे राहून स्वदेशी तंत्रज्ञानावर बोलले. शेजारी उभं राहायला म्हात्रे यांना बोलावणं आलं. ते कॅन्टीनमध्ये बसून राहिले.

निवृत्त होऊन आता ते कासूला असतात. इंजिन दुसऱ्यांदा पेटलेलं नाही. संचालक बढती घेऊन दिल्लीला गेले. कुणी विषय काढला, तर म्हात्रे आधी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकतात, मग बोलतात.