मनुक्यांचा पेला

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तर सरून त्र्याहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीत सुटली आणि गवंड्याची थापी हातात आली, ती हात थरथरायला लागेपर्यंत सुटली नाही. आमच्या ख्रिस्ती देवळाची मागची भिंत माझ्या हातची आहे. तिला आजवर चीर गेलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोण हा म्हातारा बोलून राह्यला असं कोणाला वाटायला नको.

आमचं गाव इंझोरीच्या अंगाला. ख्रिस्ती घरं मोजकी. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा पेला. द्राक्षाचा रस इथं कुठून आणायचा? शनिवारी संध्याकाळी काळे मनुके भिजत घालायचे, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायचे, रसाला एक उकळी आणून तो निववायचा. हे काम माझ्याकडे. दुसऱ्या कोणी केलं की पांचट होतं.

पण तो रस मी स्वतः दहा-अकरा वर्षं तोंडाला लावला नव्हता. पेल्यांचा ट्रे समोर आला की मी तो शेजारच्याकडे सरकवायचो.

कारण माझा धाकटा भाऊ. त्याचा पोरगा काविळीनं पार पिवळा पडला होता. दवाखाना झाला, प्रार्थना झाली, आणि एक दिवस यानं गुपचूप गावदेवीला बोकड कबूल केला. पोरगा उठला. यानं बोकड कापला. मी मंडळीचा पंच. कळल्यावर मी पंचांच्या बैठकीत ते सांगितलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. त्याला सहा महिने प्रभुभोजन बंद झालं. तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "माह्या पोराच्या खाटेजवळ तू एक रात बसला नाई, अन् माह्या बोकड्याचा हिशोब बरा मांडला पंचायपुढं! एवढं काळं मन घेऊन पेला कसा पेतं तू?" मग बिऱ्हाड उचलून कारंज्याला गेला. तिथं कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर पहारेकरी झाला.

मी म्हटलं, ठीक आहे. मन साफ होईल तेव्हा पिऊ. बाकीचे पोटात शंभर भांडणं ठेवून पितात, मी तसला नाही. याचा मला अभिमान होता, लपवत नाही.

त्या वर्षी बायकोच्या हृदयाची झडप खराब निघाली. मंगळवारी नागपूरला ऑपरेशन, सोमवारी दुपारच्या गाडीनं निघायचं. त्याआधीच्या शनिवारी मी मनुके निवडत बसलो होतो. ती उकिडवी बसून मला डबे दाखवत होती. यात तूर, यात मूग, इथं चहापत्ती. मला ते नको होतं. आठ दिवसांत परत येणारी बाई डबे कशाला दाखवते?

"कायले सांगून राह्यली हे?" मी ओरडलो.

"सापडाले पायजे ना तुमाले," ती म्हणाली. मग मनुक्यांकडे बोट करून, "उद्या पेला माह्यासंगं घ्याल का?"

मी एक किडका मनुका बाजूला टाकला.

"एक फोन लावा तुमच्या भावाले. येवढंच मागून राह्यली मी."

"पाहू."

"तुमचं पाहू म्हंजे नाईच असते."

तेवढ्यात शेजारचा शिंपी आला. मुसलमान माणूस, माझ्याच वयाचा, आमची चाळीस वर्षांची ऊठबस. त्यानं मला ओट्यावर बोलावलं आणि दर्ग्यातून आणलेला काळा दोरा पुढं केला.

"मिस्त्री, भाभीसाठी."

"तुले माईत हाये, आमच्यात चालत नाई."

"बांधा म्हनत नाई ना मी. खिशात तं राहू द्या. खिशाले कोनता धरम असते?"

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी त्याला अर्धा तास शास्त्र ऐकवलं असतं. त्या दिवशी माझा हात पुढं झाला आणि दोरा सदऱ्याच्या खिशात गेला. बायकोला सांगितलं नाही.

रविवारी देवळात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. ट्रे आधी आमच्याकडे आला. मी मान वर केली तर ती मधल्या वाटेपलीकडून माझ्याकडेच पाहत होती. माझा हात उचलला गेला, पण मधेच खिशावर थांबला. दोरा काही टोचत नाही, पण मला टोचला. बोकड कापणाऱ्याला बाहेर काढलं मी, आणि खिशात हे घेऊन पेला उचलू? मी ट्रे पुढं सरकवला.

मग तो बायकांकडे गेला. तिच्यासमोर आला आणि तिनं तो शेजारणीकडे सरकवला.

लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं कधी पेला चुकवला नव्हता. अख्ख्या देवळानं पाहिलं. पेटी वाजवणाऱ्याचा सूरसुद्धा चुकला.

बाहेर सलाम घेताना एक म्हातारा पंच म्हणाला, "काय मिस्त्री, अता घरभर उपास का?" मी त्याचा हात सोडून दिला. मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री, पोरगेलासा, नवाच आलेला. तो मागं मागं आला.

"काका, उद्या निघण्याआधी मी घरी येऊन काकूंना देतो. आजाऱ्यांना घरी देता येतं. पण त्या म्हणतात, एकटी घेत नाही."

घरी आल्यावर मी तिच्यावर तापलोच. "ऑपरेशन तोंडावर हाये आन् तू देवाशी हट्ट करून राह्यली?"

ती साबण लावून हातातली घट्ट बांगडी काढत होती. दवाखान्यात काहीच घालू देत नाहीत म्हणून. मान वर न करता म्हणाली, "इतके वर्स मी एकटीनंच घेतला. परवा टेबलावर एकटीलेच झोपाचं हाये. पेला तरी एकटीनं नाई घेत."

बांगडी निघाली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. मी ती उचलून मुठीत धरली. ती ऊन होती.  गावात दोघांचं हे ऑपरेशन झालेलं. एक चालत घरी आला, एक नाही आला. दुपारभर मी दवाखान्याची फाईल पिशवीत घालत होतो आणि परत काढत होतो. भावानं बोकड कापला ते चूकच होतं. आजही तेच म्हणतो. पण बोकड कबूल करताना त्याचं काय झालं असेल, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी उरलेले मनुके भिजत घातले. तिनं पाहिलं आणि गाळायचं फडकं धुऊन वाळत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस गाळून ठेवला आणि कारंज्याची पहिली एसटी धरली. भाऊ दारात दात घासत होता. केस सगळे पांढरे. मला पाहून तोंडातलं मंजन थुंकला आणि म्हणाला, "कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं. तुही वहिनी नागपूरले चालली. उद्या ऑपरेशन हाये."

"मंग? मी काय डाक्टर हाओ?"

 मी खिशातून दोरा काढून त्याच्या ओल्या तळहातावर ठेवला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

"हा तुह्या खिशात?"

"हो."

"पंचायले सांगतलं का?"

"नाई."

"मी सांगू?"

"सांग. माहाबी पेला सहा महिने बंद कर. पन आजच्या दुपारनंतर. आज तिले माह्यासंगं घ्याचा हाये, आन् तुह्याशी बोलल्याबिगर मले घेता येत नाई."

 त्यानं दोरा घडी करून स्वतःच्या खिशात टाकला.

"चहा घेते का?"

"परतीची गाडी लागली असंल," मी म्हटलं. "चहा वहिनीच्या हातचा घेजो. चप्पल घाल."