आकड्यामागची बाई

वर्ध्याच्या एका दैनिकात अपघात आणि कापसाच्या भावाशेजारी समाजशास्त्राच्या पाहण्यांची बातमी पहिल्यांदा आणली ती पिपरी मेघेच्या इला देवतळेंनी. "हे वाचणार कोण?" असं संपादक वीस वर्षं विचारत आले. इलाताईंचा हट्ट एकच होता: आकड्यामागची एक तरी बाई गाठल्याशिवाय बातमी द्यायची नाही.

यंदा एका पाहणीत आलं की जामजवळच्या एका गावात निम्म्या बाया काहीच काम करत नाहीत. इलाताई थेट तिथे गेल्या. पाहणीच्या 'काम न करणाऱ्या' यादीतली सखू डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन वाटेतच भेटली.

"तू काही करत नाहीस, असं कोणी सांगितलं?"

"मी वावरात गेलती. भाऊजीनं सांगतलं असन," मोळी न उतरवताच सखू म्हणाली.

भरदुपारी पाहणीला जाणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या हासडत इलाताई घरी आल्या. सासरे, निवृत्त मास्तर हरिभाऊ, ओसरीवर सुनेचीच बातमी वाचत बसले होते.

"मोजणीवाले येऊन गेले, सूनबाई. तुयं मीच सांगतलं."

"काय सांगितलं, मामाजी?"

"घरीच राह्यते, काई करत नाई."

इलाताईंनी उभ्याउभ्याच वही उघडली आणि लिहिलं, "या आठवड्याची बाई पिपरी मेघेत सापडली."