धुकेवाल्यांची काच

दुरुस्तीवाल्याने लेन्स मऊ फडक्यात गुंडाळून परत दिली आणि पायातला काटा काढल्याइतक्या सहजपणे सांगितलं, "फोकसची कडी आता मोकळी फिरेल. आणि हो, पुढची काच उलटी बसली होती. सरळ करून दिली."

धुकेवाले तिथल्या स्टुलावर मटकन बसले.

धुकेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांनी काढलेल्या फोटोत चेहरा लख्ख यायचा आणि कडेचं सगळं, म्हणजे पडदा, खुर्ची, प्रसंगी शेजारी उभे असलेले मेहुणेसुद्धा, धुक्यात विरघळून जायचं. म्हणून गिऱ्हाइकांनी दिलेलं ते नाव. रोलचा जमाना संपला, डिजिटल कॅमेरा आला, तरी त्यांनी ती जुनी लेन्स सोडली नाही. मध्ये एक जोडकडी लावून, सासूला सुनेच्या संसारात बसवावं तशी ती नव्या कॅमेऱ्यावर बसवली. कॅमेरा आपणहून फोकस करायला उतावीळ, आणि हे हाताने कडी फिरवत, एक डोळा मिटून तास घालवणार. कोणी विचारलंच तर म्हणायचे, जुन्या काचेला माणसं कळतात. त्या लेन्समधून लांबचा डोंगर मात्र कधी धड आला नाही. त्यावरही उत्तर तयार होतं : मला माणसांत रस आहे, डोंगरांत नाही.

दुकानाच्या पायरीवरच त्यांनी लेन्स कॅमेऱ्यावर चढवून समोर रोखली. पार टोकाच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजता येत होत्या. धुक्याचा मागमूस नव्हता.

तीस वर्षांपूर्वी भिंगावर वाफ धरली म्हणून त्यांनी स्वतःच ती लेन्स उघडली होती. धुकं त्यानंतरचं. म्हणजे कला कसली नि काय, आयुष्यभर एका चुकीवर ते मिशीला पीळ देत आले होते.

आणि रविवारी मुख्याध्यापिकाबाई येणार होत्या. शाळेच्या दालनात लावायचा फोटो. जन्मभर कॅमेऱ्याला पाठ दाखवणाऱ्या बाई, "तुमचं ते धुकं असेल तरच बसते" या एका अटीवर तयार झालेल्या. ते तसेच आत वळले आणि दुरुस्तीवाल्याला म्हणाले, काच परत उलटी करून द्या. तो दुखावलाच. उभ्या हयातीत आपण काच उलटी बसवलेली नाही, आता म्हातारपणी बट्टा लावून घेणार नाही, असं ऐकवून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचं घड्याळ हातात घेतलं.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं कापड पसरलं. बायको वाटाणे सोलत होती. तिला त्यांनी सगळं सांगून टाकलं. आपण कलावंत नाही, वेंधळे आहोत, हे बायकोपुढे कबूल करणं सोपं नसतं. त्यात तिने मान वर न केल्यामुळे ते आणखी अवघड गेलं.

शेवटी ती म्हणाली, "तुम्ही नाही बसवलीत उलटी."

"मग कोणी?"

"तुम्ही हात धुवायला उठलात, तेव्हा माझा धक्का लागून ती काच कलंडली. मी उचलली, पुसली नि होती तिथे ठेवली. कुठली बाजू वर, ते मला काय ठाऊक? तुम्ही आलात आणि तशीच उचलून बसवलीत."

"आणि तीस वर्षं बोलली नाहीस?"

"अहो, फोटो चांगले यायला लागले होते."

धुकेवाल्यांवर सकाळपासून एवढं आभाळ कोसळलं होतं, पण त्याचं मूळ या वाटाण्यांच्या टोपलीमागे लपलं असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी पुढची कडी उलगडली, काच ओढून धरणाऱ्या रबरी चोखणीने ती अलगद उचलली आणि तिच्यापुढे धरली. "घे. ठेव, तेव्हा ठेवली होतीस तशी."

तिने पदराला हात पुसले आणि काच पालथी करून ठेवली.

रविवारी बाई ताठ बसल्या. बायको पांढरा पुठ्ठा धरून उजेड त्यांच्या गालावर टाकत होती. धुकेवाल्यांनी कडी फिरवत फिरवत कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाईंच्या डोळ्यातला ठिपका नेमका पकडला. कडेची खिडकी आपोआप विरून गेली. बाई फोटो बघायला पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "जादू आहे हो तुमच्या हातात."

यावर एरवी ते नुसते हसून मान लववायचे. या खेपेला मान लवली नाही.

"हात हिचा आहे," ते म्हणाले.

बाईंना वाटलं, पुठ्ठ्याबद्दल बोलतायत.