आमच्या गाडीचं ट्यूनिंग

गेल्या रविवारी सकाळी अमरावतीच्या आमच्या घरात छोटासा भूकंप झाला. वलगावला निघालेली आई अर्ध्या वाटेतून परत आली, गाडीची चावी टीव्हीजवळच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "आता मले नाई जमत. इकून टाका गाडी."

आई म्हणजे रिटायर्ड नर्स. सरकारी दवाखान्यात जन्म काढलेली, कशालाच न घाबरणारी बाई... तिच्या तोंडून "जमत नाई" मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी खरं तर बाबांची. गुडघ्यामुळे क्लच दाबवेना, म्हणून त्यांनी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली होती. ते गेल्यावर आम्ही ती विकायला काढली, तर या साठीच्या बाईनं आम्हाला न विचारता ड्रायव्हिंग क्लास लावला!

तेव्हापासून दर रविवारी आई आपल्या मैत्रिणींना घेऊन वलगावच्या बुद्धविहारात जाते. शेजारी सुशीलामावशी, मावशींच्या मांडीवर लाडवांचा डबा आणि मागे बाकीच्यांचा गोंगाट. गाडी गेली तर आई घरात बसणार आणि हळूहळू आणखीच बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

झालं होतं असं... मध्यंतरी गाडी चालता चालता थरथरायला लागली. अकोल्याचे मेकॅनिक शकीलभाई यांनी तपासून सांगितलं, टॉर्क कन्व्हर्टर गेला. मला कळलं ते एवढंच, की इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सपर्यंत पोचवणारा तो भोपळ्याएवढा डबा असतो.

आमचा दादा जेवताना गाड्यांचे व्हिडिओ बघतो. तो म्हणाला, बदलायचाच तर साधा कशाला, मजबूत लावू. अपग्रेड! हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू घरात लग्न निघालंय. आणि अपग्रेड म्हटल्यावर ट्यूनिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची नवी जुळणी, नको का? हाच प्रश्न त्याने शकीलभाईंना दहा प्रकारे विचारला.

नवा कन्व्हर्टर बसवून झाल्यावर शकीलभाई म्हणाले, "रेसिंगवाला लावला असता तं लागलं असतं भाऊ. हा मूळ मापाचाच हाय, फक्त अंदरून मजबूत. ट्यूनिंग नोको. पण गिअरबॉक्सची जुनी याद पुसली म्या, तो आता चालवणाऱ्याचा पाय नव्यानं शिकन. काही दिवस ज्याची गाडी त्यानंच चालवाची, आरामात."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि घरी येऊन अगदी उलट केलं...

कारण आमच्याकडे रीत आहे. मिक्सर असो नाहीतर जावई, नवीन काही आलं की अख्ख्या गोतावळ्याने पारखून मत द्यायचं. दादाने अकोल्याहून येतानाच पिकअप बघून घेतला. काका बडनेऱ्यापर्यंत राउंड मारून आले, आणि काकांचा पाय ट्रॅक्टरचा... एक तर पूर्ण खाली, नाही तर पूर्ण वर. माझा नवरा ब्रेकची पूजा करत चालवतो. मीही भाजी आणायला नेलीच. सगळ्यांचं मत एकच पडलं: मस्त झाली!

आणि मग रविवारी आई बसली. चौकातून गाडी अशी काही उसळली की लाडवांचा डबा थेट काचेवर. पुढे दर गिअरला धक्का. मैत्रिणींनी घाबरून पुढच्या सीटा घट्ट धरल्या, आणि आईने वलगावच्या रस्त्यावरूनच गाडी वळवली.

वाईट याचं वाटलं की तिने गाडीला एका शब्दानेही दोष दिला नाही. "माह्याच पायात दम नाई रायला," एवढंच म्हणाली.

"मी म्हणतच होतो, ट्यूनिंग लागते!" म्हणत दादाने शकीलभाईंना फोन लावला. तिकडून एकच प्रश्न आला... किती जणांनी चालवली? दादा बोटं मोजायला लागला. मोजणी संपेचना, तसे शकीलभाई हसायला लागले.

"एका लेकराले इतके मास्तर लावले, तं ते काय शिकन?"

सोमवारी पुन्हा अकोला. लॅपटॉप जोडून गिअरबॉक्सची पाटी पुन्हा कोरी केली. दादाने चावीसाठी हात पुढे केला, तर शकीलभाईंनी ती आईच्या हातात दिली. "काकू, तुमची गाडी तुमीच शिकवा. आन् मांगच्या सीटवरून कोणी एक शब्द बोलाचं नाई."

आई हायवेवर कधीच गेली नव्हती. क्षणभर तिने चावीकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि बसली.

सुरुवातीला धक्के बसलेच. पण आई गाडीशी बोलायला लागली... "हळू व बाई. घाई नोको करू. हां, अशी." ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा चालवताना नर्स बोलते ना, अगदी तस्सं. बाजूने ट्रक जात होते, दादा तोंडात रुमाल कोंबून बसला होता, आणि मूर्तिजापूर सोडल्यावर मला जाणवलं, बराच वेळ धक्काच बसलेला नाही.

बडनेऱ्याला आईने गाडी बाजूला घेतली. मागे वळून आमच्याकडे बघून हसली. "पाय माहा चांगलाच हाय व," म्हणाली. मला रडूच आलं.

काल दादा पेट्रोल भरायला गाडी घेऊन गेला आणि कुरकुरत परत आला, गाडी सुस्त झाली म्हणे, उठतच नाही. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "ते आता माह्या पायाले वळखते. तुह्यं काहून ऐकन?"

तर मित्रांनो, कन्व्हर्टर अपग्रेड केल्यावर ट्यूनिंग लागतं का? आमच्या गाडीला नाही लागलं... आम्हाला लागलं. आईच्या मागे बसून गप्प राहायचं. शकीलभाई, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

आज पुन्हा रविवार. खिळ्यावर चावी नाही. आत्ताच वलगावहून सुशीलामावशींचा फोन आला, डबा मांडीवरच राहिला म्हणून.