टेकचंदशेठ आणि झोपलेलं मशीन

गाळ्यात शिरताना टेकचंदशेठ कधी नमस्कार करत नसत. दारातच थांबायचे, डोळे मिटायचे, एक हात वर करून आम्हाला गप्प करायचे आणि मशीनचा आवाज ऐकायचे. मग कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "बेटा, तेरा मशीन सो रहा है." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझं डोकंच सणकलं. समोर शाफ्टचा लोखंडी दांडा गरगर फिरतोय, मशीनवरचे भोईरमामा घामाघूम झालेत, आणि हा कोण टिकोजीराव आम्हाला झोपाळू ठरवणारा?

शेठ उल्हासनगरचे. धातू कापायच्या टिपा विकायचे. टिप म्हणजे नखाएवढा कठीण तुकडा. हत्याराच्या टोकाला तो बसवला की तोच लोखंड सोलतो. स्कूटरच्या डिकीत टिपांच्या डब्या, शर्टाच्या खिशात बडीशेप आणि तोंडात मराठी-हिंदीची अशी सरमिसळ की कुठलं वाक्य कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत काही लोक त्यांची स्कूटर दिसली की शटर अर्धं खाली ओढत. कारण एकदा आत आले की मशीनचा वेग वाढवल्याशिवाय शेठ बाहेर पडत नसत.

आमच्याकडे तर वेग वाढवणं म्हणजे पापच होतं. बाबांनी थाटलेला हा गाळा मी चालवायला घेतला तेव्हा भोईरमामा मशीनवर आधीपासून होते. गावची शेती सांभाळून रोज वेळेवर येणारा, हाताला सफाई असलेला माणूस. पण मामांची सगळी इज्जत टिप पुरवून वापरण्यात. वेगाचं बटण कायम निम्म्यावर ठेवायचे आणि चहाच्या वेळी शेजारच्या गाळेवाल्यांना झिजलेली टिप दाखवायचे. "आठवडा झाला, अजून चालतंय!" समोरचाही मग आपली टिप काढून दाखवायचा. आमच्या गल्लीत ज्याची टिप जास्त टिकली तो कारागीर मोठा, असा रिवाजच होता. मलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मग आम्ही ज्यांचे शाफ्ट करायचो त्या पुण्याच्या पंपवाल्यांचा फोन आला. दिवाळीपर्यंत शाफ्ट दुप्पट हवेत, जमत नसेल तर सगळंच काम चाकणला देतो. आमच्याकडे मशीन एक. दुसरं घ्यायची ऐपत नाही. हे काम गेलं तर आहे तेही मशीन विकून गाळा बंद करायचा, हे मला स्पष्ट दिसत होतं. रबाळ्याहून एक जण मशीन बघूनही गेला. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. फडक्यानं मशीन पुसत बसले. मला ते बघवेना, म्हणून मी कात्रपला घरी लवकर निघून आले आणि येताना टेकचंदशेठना फोन केला.

"शुक्कर को आता हूँ," शेठ म्हणाले. शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. सगळी गल्ली चिडीचूप, आणि आमचं एकटं मशीन चालू.

मामांनी मला बाजूला घेतलं. "ताई, या शेटचं आयकू नको. टिप जलली तं त्याचाच धंदा."

शेठच्या कानावर ते गेलंच. "हां, माझाच धंदा! मी काय साधू आहे? टिप जास्त लागणार, मी जास्त विकणार. पण तुझा माल किती निघणार ते बघ ना! टिप मरने दो, भोईर. ती मरायलाच बनवली आहे. मशीनचा वेळ मेला तर कुठल्या दुकानात भेटेल?"

त्यांनी वेग वाढवायला लावला. मशीन किंचाळलं, सगळा शाफ्ट थरथरला आणि टिपेचा फाटकन तुकडा उडाला. मामांनी हाताची घडी घातली. मी मात्र तोंड सोडलं. टिपा खपवायला माझंच मशीन सापडलं का, इथपासून जे जे सुचलं ते सगळं बोलून घेतलं. शेठनी ऐकलंच नाही. ते खाली वाकून हत्याराकडे बघत होते. हत्यार पकडीतून चांगलं चार बोटं बाहेर आलेलं होतं.

"भोईर, ती तेलपाण्याची भरलेली बादली उचल. हात सरळ लांब कर. आता धर."

मामांनी धरली. हात थरथरायला लागला.

"आता छातीजवळ घे."

हात थांबला. मामा बादलीकडे बघत राहिले, मग हत्याराकडे. त्यांनी पाना घेतला, हत्यार आत सरकवून घट्ट आवळलं आणि नवी टिप बसवून तोच वाढवलेला वेग लावला.

आणि मग काय सांगू! मशीननं असा भरदार, एकसुरी आवाज काढला की माझ्या अंगावर काटा आला. एरवी लोखंडाच्या लांबच लांब गुंडाळ्या निघायच्या. आता छोटे छोटे निळे तुकडे फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडत उडायला लागले. "नीला आया!" शेठ ओरडले. "सगळी गरमी त्यात गेली, टिप वाचली!" शाफ्ट बाहेर आला. मामांनी मोजला, उलटून पुन्हा मोजला. बरोब्बर होता. दुसरा लावला, तिसरा लावला. दुपारी मी डबा खायला बोलावलं तर मामा म्हणाले, "थांब गं, जरा अजून वाढवून बघू." मी आणि शेठ एकमेकांकडे बघून हसतच सुटलो.

चांगली टिप बदलताना मामांचा जीव पुढेही तुटायचा, पण ते बदलायचे. दिवाळीआधी सगळा माल पुण्याला गेला. रबाळ्याचा माणूस पुन्हा आला तेव्हा मामांनीच त्याला फाटकावर अडवलं. "मशीन कामात हाये," म्हणाले, आणि आत निघून आले.

गेल्या वर्षी शेठनी धंदा आवरला. गुडघे गेले होते, मुलीकडे इंदूरला निघाले होते. निरोप घ्यायला आले आणि मशीनपाशी घुटमळत राहिले. मग जरा लाजत म्हणाले, "बेटा, इतनी उमर टिपा विकल्या. मशीन कभी खुद नहीं चलाया."

भोईरमामा त्या मशीनला मलासुद्धा हात लावू देत नाहीत. पण ते बाजूला झाले. "या शेट. हिरवं बटन दाबा."

शेठनी दाबलं. शाफ्ट तयार होईपर्यंत ते लहान मुलासारखे काचेला नाक लावून उभे होते. मामांनी तो गरम शाफ्ट फडक्यात धरून त्यांच्या हातात दिला. शेठनी तो डोळे भरून पाहिला आणि तयार मालात ठेवायला निघाले.

"ठेवू नका, घेऊन जा," मामा म्हणाले.

"अरे, तुम्हारे माल में एक कम पडेगा."

"परू दे," मामा पुढचा शाफ्ट लावत म्हणाले. "दुसरा बनवाला आता वेल किती लागतंय?"