माझ्या मुली लाल रांगेत कशा गेल्या

परवा रविवारी नेरला गेले होते, मुलींच्या कबड्डी स्पर्धेला. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकते...

उमरखेडकडे एका तांड्यावरच्या शाळेत मी शिकवते आणि मुलींची टीमही मीच बघते. पहाटेच जीपने निघालो, रस्त्यात भाकर-ठेचा खाल्ला. ग्राउंडवर पोचल्या पोचल्या पोरी नी-कॅप चढवून तयार! सगळ्यात लांबून येणार म्हणून आमची मॅच शेवटी ठेवली होती.

आणि मॅचच्या जरा आधी माइकवरून घोषणा झाली. आमच्या शाळेचं नाव घेऊन, सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल अशी... खेळाडू बोगस असल्यामुळे संघ बाद.

बोगस? माझ्या पोरी?

तणतणत टेबलाकडे गेले. संयोजक भाऊ लॅपटॉप उघडून बसलेले. एका शीटवर शाळांनी आधी पाठवलेली नोंदणीची यादी, दुसऱ्या शीटवर मॅचच्या क्रमाने आज खेळणाऱ्या मुली. नाव यादीत सापडलं की रांग हिरवी, नाही सापडलं की लाल. सगळं कसं हिरवंगार, आणि तळाला आमच्या मुली लाल भडक.

"कॉम्प्युटर खोटं नाही बोलत मॅडम. बाकीच्या टीम बरोबर निघाल्या, मंग तुमच्याच काहून लाल? तांड्यावरच्या टीमचं असंच असते. बाहेरच्या पोरी आणता अन् खपवता."

तळपायाची आग मस्तकात गेली! आमची कॅप्टन पायल माझ्या मागेच उभी होती, तिने सगळं ऐकलं. तिच्या वडिलांना किती विनवण्या करून तिला खेळायला आणलं होतं, ते माझं मला माहीत.

ती एवढंच म्हणाली, "मॅडम, हे घरी समजलं तं बाबा मले आता पाठवतच नाही."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी खुर्ची ओढली आणि सरळ लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नोंदणीच्या यादीत पायलचं नाव शोधलं. सापडलं की हो! यादीत अगदी वर, पहिल्याच ओळीत. तिच्याखाली आमच्या बाकीच्या सगळ्या पोरी. एंट्री सगळ्यात आधी आम्हीच पाठवली होती ना.

मग लाल रांगेवर क्लिक करून फॉर्म्युला बघितला... आणि कपाळावर हात मारला. नाव यादीत आहे का ते मोजणारा काऊंटइफ लावलेला, पण यादीच्या रेंजला डॉलरचं चिन्हच नाही! ते लावलं की रेंज जागेवर राहते. नाही लावलं, तर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही एकेक ओळ खाली सरकत जाते. बाकीच्या टीम दोन्ही शीटवर जवळपास त्याच क्रमाने होत्या, म्हणून वाचल्या. आम्ही नोंदणीत पहिल्या आणि मॅचमध्ये शेवटच्या. आमची पाळी येईपर्यंत यादीचा वरचा भाग तपासणीतून कधीच निसटला होता.

म्हणजे बघा, वेळेच्या आधी फॉर्म भरला ही आमची चूक. आणि लांबून आलो, ही दुसरी!

डॉलर टाकले, फॉर्म्युला पुन्हा ओढला. सगळ्या रांगा हिरव्या झाल्या. संयोजक भाऊ हसत हळूच म्हणाले, "टेक्निकल मिस्टेक झाली मॅडम, जाऊ द्या. घ्या, खेळवा."

जाऊ द्या? यांचं चुकलं की टेक्निकल मिस्टेक, आणि आमचं न चुकताही बोगस? व्वा रे न्याय! मी सांगितलं, बोगस माइकवरून म्हणालात ना, मग सॉरीही माइकवरूनच म्हणायचं. ते उशीर होतोय म्हणाले, मॅच आटपू द्या म्हणाले...

तेवढ्यात पायल ग्राउंडवर गेली आणि मधल्या रेषेवर मांडी घालून बसली. तिच्या मागे आमच्या सगळ्या पोरी. आणि नंतर, मी तर बघतच राहिले, समोरची टीमही येऊन त्यांच्याशेजारी बसली. वॉकओव्हर फुकटात मिळत होता त्यांना! त्या अनोळखी पोरींचे आभार कसे मानू...

शेवटी घोषणा झाली. शाळेचं नाव घेऊन, चूक संयोजकांची होती असं सांगत, तेवढ्याच मोठ्या आवाजात. पायलने ती मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घेतली, घरी ऐकवायला.

मॅच हरलो. त्याचं काही नाही.

पुढच्या वर्षीही आमची एंट्री सगळ्यात आधीच येणार आहे, भाऊ. डॉलर तेवढे लावून ठेवा.